सयाजीराव गायकवाड (तृतीय)

महाराजा सयाजीराव गायकवाड तृतीय (मूळ नाव : गोपाळराव काशीराव गायकवाड, ११ मार्च १८६३, कवळाणे, नाशिक जिल्हा – ६ फेब्रुवारी १९३९, मुंबई) हे बडोदे संस्थानाचे १८७५ ते १९३९ या काळातील अधिपती होते. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, गावोगावची वाचनालये, सामाजिक कायदे आणि कलाविद्यांना दिलेला आश्रय यांमुळे ब्रिटिशकालीन संस्थानिकांमध्ये त्यांचे स्थान वेगळे ठरते. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळखही नसलेला शेतकरी कुटुंबातील मुलगा दत्तकविधानाने राजा झाला आणि पुढे त्याने आपल्या राज्यात प्रत्येक मुलाने शाळेत गेलेच पाहिजे असा कायदा केला, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत लक्षणीय घटना होय.

पार्श्वभूमी

गायकवाड घराण्याची सत्ता अठराव्या शतकात पिलाजीराव व दामाजीराव यांच्या काळात गुजरातेत स्थिरावली. बडोदे संस्थानाचा प्रदेश सलग नव्हता. बडोदे, कडी (मेहसाणा), नवसारी आणि अमरेली असे त्याचे प्रांत एकमेकांपासून दूर विखुरलेले होते, आणि द्वारकेजवळचे ओखामंडळही त्यातच मोडत असे. क्षेत्रफळ सुमारे ८,००० चौरस मैल आणि १९३१ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या सुमारे २४ लाख. राजघराणे मराठी, प्रजा मुख्यतः गुजराती, अशी या राज्याची घडण होती. सयाजीरावांच्या कारभाराचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

१८७० मध्ये महाराजा खंडेराव निपुत्रिक वारले. त्यांच्या पश्चात राणी जमनाबाई यांना कन्या झाल्यामुळे खंडेरावांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत उधळपट्टी व जुलूम यांच्या तक्रारी वाढत गेल्या. दादाभाई नवरोजी यांना काही काळ दिवाण नेमूनही कारभार सुधारला नाही. नोव्हेंबर १८७४ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घालण्याचा प्रयत्न झाल्याचा आरोप महाराजांवर आला. चौकशीसाठी सहा सदस्यांचे आयोग नेमले गेले. तीन इंग्रज सदस्यांनी आरोप सिद्ध मानला. ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तीन भारतीय सदस्यांनी तो मानला नाही. असा समसमान निर्णय झाल्यावर सरकारने विषप्रयोगाचे कारण बाजूला ठेवले आणि गैरकारभाराच्या सबबीवर एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठविले. राजा कितीही मोठा असला तरी त्याची गादी शेवटी कोणाच्या हातात आहे, हे या प्रकरणाने सर्व संस्थानिकांना दाखवून दिले. सयाजीरावांच्या पुढील प्रत्येक पावलामागे ही जाणीव दिसते.

कवळाण्याहून बडोद्याला

गादीसाठी दत्तक घेण्याची परवानगी जमनाबाईंना मिळाली. त्यासाठी वंशातील मुलांचा शोध सुरू झाला. पिलाजीरावांपासून निघालेली एक शाखा नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे या गावी शेती करून राहत होती. या शाखेतील काशीराव भिकाजीराव गायकवाड व उमाबाई यांना आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव असे तीन मुलगे होते. बोलावणे आल्यावर काशीराव मुलांना घेऊन बडोद्यास गेले.

तेथे प्रत्येक मुलाला ‘तू येथे कशासाठी आलास?’ असे विचारले गेले आणि मधल्या गोपाळरावाने ‘राज्य करायला’ असे उत्तर दिले, ही कथा महाराष्ट्रातील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिला आख्यायिका म्हणूनच स्वीकारणे बरे. बारा वर्षांच्या मुलाची निवड केवळ एका हजरजबाबी वाक्यावर झाली असेल असे मानण्याचे कारण नाही. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन गोपाळरावांचे नाव सयाजीराव ठेवण्यात आले आणि पुढील महिन्यात त्यांचे गादीवर आरोहण झाले.

शिक्षण आणि राज्यसूत्रे

महाराज अज्ञान असल्यामुळे कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे सोपविण्यात आला. तंजावरच्या मराठी परंपरेतून आलेले आणि त्रावणकोर व इंदूर येथे दिवाणगिरी केलेले माधवराव हे त्या काळातील नामांकित प्रशासक होते. त्यांनी सात वर्षांत खजिना, न्यायखाते व पोलीस यांची घडी बसविली. याच काळात एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याकडे महाराजांच्या शिक्षणाची जबाबदारी होती. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा एकाच वेळी, त्याही मुळाक्षरांपासून, शिकण्याचे काम त्या मुलापुढे होते. तालीम, घोडेस्वारी आणि अभ्यास असा त्याचा दिवस ठरलेला असे.

राज्याधिकार मिळण्यापूर्वी माधवरावांनी महाराजांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने १८८१ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. राजाने आपल्या मर्जीने नव्हे तर नियमाने चालावे, खासगी खर्च व राज्याचा खर्च यांत अंतर ठेवावे, अधिकाऱ्यांची कामे आपल्या हाती ओढून घेऊ नयेत, असा त्यांचा रोख आहे. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना संपूर्ण अधिकार मिळाले. पुढच्याच वर्षी माधवराव निवृत्त झाले आणि अठरा-एकोणीस वर्षांचा राजा स्वतः कारभार पाहू लागला. गुरूच्या उपदेशातील एक गोष्ट मात्र त्यांनी पुरती मानली नाही. बारीकसारीक कागद स्वतः पाहण्याची त्यांची सवय शेवटपर्यंत टिकली. परदेशात असतानाही टपाल त्यांच्यामागे जात असे.

सक्तीचे शिक्षण

सयाजीरावांच्या कार्याचा कणा शिक्षण हा आहे. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. मुलांप्रमाणेच मुलींनाही हा नियम लागू होता, ही त्या काळाच्या मानाने धाडसाची गोष्ट होती. एकदम सर्व राज्यात हुकूम न काढता आधी एका दूरच्या तालुक्यात अनुभव घ्यावा, शिक्षक तयार करावेत, लोकांची कुरकुर ऐकावी आणि मग पुढे जावे, अशी ही पद्धत होती. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर १९०६ मध्ये कायदा करून ही सक्ती सर्व राज्यात लागू करण्यात आली.

सक्ती म्हणजे दंड आलाच. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होई, आणि दंड भरणारे बहुधा शेतमजूर व लहान शेतकरी असत. सुगीच्या दिवसांत दहा वर्षांचा मुलगा म्हणजे घरातले कामाचे दोन हात. ते शाळेत बसविणे गरीब घराला परवडत नसे. म्हणून कायद्यात सवलती ठेवाव्या लागल्या. शाळा उघडणे सोपे होते, पण त्या चालविण्यास लायक शिक्षक व इमारती मिळणे कठीण होते. अनेक मुले वर्षा-दोन वर्षांत शिकलेले विसरूनही जात. बडोद्याचा प्रयोग पूर्ण यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. पण ब्रिटिश हिंदुस्थानात सरकार ‘हे अशक्य आहे’ असे म्हणत असताना एका देशी राज्यात तो चालू होता, याचे महत्त्व मोठे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा दाखला दिला. ते विधेयक नामंजूर झाले.

वाचनालये

शिकलेले विसरले जाऊ नये यासाठी सयाजीरावांनी वाचनालयांकडे लक्ष वळविले. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास आणले. बोर्डेन यांनी तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग आणि फिरती वाचनालये यांची व्यवस्था उभी केली. मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया महाराजांनी दिलेल्या स्वतःच्या ग्रंथसंग्रहाने घातला गेला. फिरत्या वाचनालयाची रीत साधी होती : लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून ती गावात पाठवायची, ठरावीक मुदतीनंतर परत मागवायची आणि दुसरी पाठवायची. गावातील शाळामास्तर किंवा एखादा उत्साही गृहस्थ पेटीची जबाबदारी घेई. स्वतःचे वाचनालय काढू इच्छिणाऱ्या गावाने काही रक्कम जमविली की राज्याकडून तिला जोड मिळे. आपल्या देशातील सार्वजनिक ग्रंथालय चळवळीचा इतिहास लिहिताना बडोद्यापासून सुरुवात करावी लागते ती यामुळे.

अस्पृश्यता आणि तिच्यापुढील मर्यादा

१८८३ च्या सुमारास संस्थानात अंत्यज मुलांसाठी शाळा सुरू झाल्या. तेथे शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून आरंभी मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. पंजाबातून आलेले आर्यसमाजी पंडित आत्माराम अमृतसरी यांनी या शाळा व वसतिगृहे यांचे काम अनेक वर्षे पाहिले. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या कार्यालाही सयाजीरावांचे साहाय्य होते, आणि मार्च १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले.

डॉ. भीमराव आंबेडकर यांना दिलेली शिष्यवृत्ती ही या संदर्भातील सर्वपरिचित घटना. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या शिफारशीने महाविद्यालयीन शिक्षणासाठी आंबेडकरांना दरमहा २५ रुपये मिळाले. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर झाली. परत आल्यावर संस्थानात नोकरी करण्याची अट तिला जोडलेली होती.

त्या अटीप्रमाणे १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यास आले, आणि येथे राजाच्या इच्छेची मर्यादा उघडी पडली. शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सरकारी निवासासाठी दिवाणांकडे केलेल्या विनंतीचाही उपयोग झाला नाही, आणि ओळखीच्यांनी घरात घेतले नाही. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत झाडाखाली काढला आणि ते मुंबईस परतले. आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. ज्या राजाने त्यांना सातासमुद्रापार पाठविले, त्याच राजाने प्रजेसाठी उभारलेल्या बागेत बसून त्यांना त्याच्या राजधानीचा निरोप घ्यावा लागला. हुकमाने शाळा उघडता येते, शिष्यवृत्ती देता येते. कचेरीतल्या कारकुनाचे आणि शेजाऱ्याचे मन हुकमाने बदलत नाही, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. पुढे सयाजीरावांच्या जन्मजिल्ह्यातच, नाशिक येथे, मार्च १९३० मध्ये आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला.

सामाजिक कायदे

बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा बडोद्यात १९०४ मध्ये झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात तसा शारदा कायदा यावयास १९२९ साल उजाडले. विधवाविवाहास मान्यता, पुरोहितांनी परीक्षा देऊनच पौरोहित्य करावे असा नियम आणि १९३१ चा हिंदू घटस्फोटाचा कायदा हे त्यांतील अन्य टप्पे. राजवाड्यातील धार्मिक विधी वेदोक्त पद्धतीने करण्याचा आग्रह त्यांनी कोल्हापुरातील वेदोक्त प्रकरणाच्या (१८९९) आधीच धरला होता. न्यायखाते मुलकी कारभारापासून वेगळे करण्यात आले. १९०८ मध्ये धारासभा स्थापन झाली, परंतु तिचे अधिकार सल्ला देण्यापुरते होते. सयाजीराव प्रजेचे हित जाणत, तरी ते हित ठरविण्याचा अधिकार प्रजेच्या हाती देण्यास ते फारसे उत्सुक नव्हते, असेच म्हणावे लागते.

कला, विद्या आणि उद्योग

बडोदे महाविद्यालय (१८८१), संगीतशाळा (१८८६), वस्तुसंग्रहालय, आजवा येथील तलावातून शहरास नळाचे पाणी, लक्ष्मीविलास राजवाडा आणि बँक ऑफ बडोदा (२० जुलै १९०८) ही त्यांच्या कारकिर्दीतील प्रमुख कामे. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने निघालेल्या कलाभवनात रंगकाम, छपाई, यंत्रकाम असे विषय देशी भाषेतून शिकविण्याचा प्रयत्न झाला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके हे या कलाभवनाचे विद्यार्थी. राजा रविवर्मा यांची चित्रे, मौलाबक्ष व फैयाज खाँ यांचे गायन, १९१६ मध्ये पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद, या सर्वांना बडोद्याचा आश्रय मिळाला.

पाटण येथील जैन ग्रंथभांडारांतील हस्तलिखिते पाहण्यासाठी चिमणलाल दलाल यांना पाठविण्यात आले. त्या शोधातून गायकवाड प्राच्यग्रंथमाला उभी राहिली. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ हा तिचा पहिला ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. ‘मराठी रियासत’कार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी आपल्या आयुष्यातील मोठा काळ सयाजीरावांच्या सेवेत घालविला. राज्याची भाषा गुजराती ठेवून मराठीलाही त्यांनी अंतर दिले नाही. कारभारातील संज्ञांचा बहुभाषी कोश ‘श्रीसयाजी शासन कल्पतरू’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९३२ मध्ये कोल्हापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

ब्रिटिश सत्तेशी संबंध

१८८७ पासून सयाजीराव वारंवार युरोपला जात. प्रकृतीचे कारण खरे होते. तेथील संस्था पाहण्याची ओढही खरी होती. संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांवर बंधन घालणारे परिपत्रक लॉर्ड कर्झन यांनी १९०० मध्ये काढले, तेव्हा तो आपल्यावरच रोख आहे असे सयाजीरावांना वाटले. राजा वर्षातील बराच काळ बाहेर असतो, ही तक्रार मात्र प्रजेतूनही होत असे आणि ती निराधार नव्हती.

बडोद्याच्या सेवेत अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत होते. काँग्रेसचे माजी अध्यक्ष रमेशचंद्र दत्त प्रथम महसूलमंत्री व नंतर दिवाण झाले. अशा माणसांना जवळ केल्यामुळे ब्रिटिश अधिकाऱ्यांचा संशय वाढत गेला आणि १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात त्याला निमित्त मिळाले. बादशहा पंचम जॉर्ज यांच्यापुढे प्रत्येक संस्थानिकाने पूर्ण राजचिन्हांसह जाऊन तीन वेळा लवून मुजरा करावा व पाठ न दाखविता मागे यावे असा शिरस्ता ठरला होता. निजामांनंतर पाळी आलेल्या सयाजीरावांनी अलंकार न घालता, साध्या वेषात, एकदाच किंचित मान लवविली आणि पाठ फिरवून ते परतले. इंग्रजी वृत्तपत्रांनी एकच गहजब केला. महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना पत्र लिहून, गोंधळामुळे चूक झाली, अवमानाचा हेतू नव्हता, असा खुलासा केला. हे कृत्य हेतुपुरस्सर होते की नाही, यावर आजही वाद होतो. मल्हाररावांचे उदाहरण ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, अशा राजाने माफीपत्र लिहावे यात नवल नाही. पण त्या पत्रावरून दरबारातील कृतीचा अर्थ लावणे योग्य ठरणार नाही. त्यानंतर त्यांचे राजकीय वर्तन अधिक सावध झाले. १९३० व १९३१ च्या गोलमेज परिषदांना ते हजर होते.

कौटुंबिक जीवन

१८८० मध्ये तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी त्यांचे नाव चिमणाबाई ठेवले गेले. १८८५ मध्ये त्या क्षयाने वारल्या. त्याच वर्षाअखेर देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई यांच्याशी दुसरा विवाह झाला. त्याही चिमणाबाई (दुसऱ्या) म्हणून ओळखल्या जातात. त्यांनी पुढे पडद्याची चाल सोडली, भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ (१९११) सिद्ध केला आणि १९२७ मध्ये पुणे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षस्थान स्वीकारले.

महाराजांचे घरगुती आयुष्य मात्र दुःखाचे होते. युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये, असे तीन पुत्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. कन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्याशी ठरला होता. इंदिराराजेंनी तो स्वतः मोडला आणि कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह करण्याचा निश्चय सांगितला. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या आईवडिलांनी या विवाहास दीर्घकाळ विरोध केला. अखेर १९१३ मध्ये लंडन येथे हा विवाह त्यांच्या अनुपस्थितीत झाला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी या इंदिराराजेंच्या कन्या.

अखेर

जानेवारी १९३६ मध्ये कारकिर्दीचा हीरक महोत्सव साजरा झाला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे सयाजीरावांचे निधन झाले. त्यांच्यामागून फत्तेसिंहरावांचे पुत्र प्रतापसिंहराव गादीवर आले. १९४९ मध्ये बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि जुने बडोदे महाविद्यालय त्यात सामील झाले. त्याच वर्षी १ मे रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.